काळं करणारी गोळी, गोरं करणारी ट्यूब



हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर रोवणी आटोपलेली असेल. पऱ्हे उपटण्यापासून शेवटच्या बांधीपर्यंत चिखलात वाकून दिवस काढायचे, पायांना चिखल्या, बोटांच्या बेचक्यांत खाज, मानेपाठीचा रंग उतरलेला, ही आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बाईची दरवर्षीची कथा. कातडीच्या दुखण्यासाठी ती दवाखान्यात जात नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, आणि 'खाजेसाठी कशाला डॉक्टर' असं घरचेही म्हणतात. मग पोराच्या हाती पैसे देऊन मेडिकलमधून ट्यूब मागवली जाते. कोणती ट्यूब, ते मेडिकलवाला ठरवतो.

म्हणून या वेळी औषधं आणि कातडी हा विषय घेतला आहे. विषय किरकोळ वाटेल. मारहाण, हुंडा, सातबाऱ्यावर नाव, एवढं सगळं पडलेलं असताना कातडीचं काय घेऊन बसलात, असं एखादी विचारेलही. पण आपल्याकडे बाईची कातडी तिच्या एकटीची कुठे असते? मुलगी दाखवताना ती पाहिली जाते, सासरी तिच्यावर शेरे मारले जातात, बाळंतपणात होणाऱ्या बाळाच्या रंगाची चिंताही तिच्याच गळ्यात. औषधाने कातडीचा रंग बदलला की तो प्रश्न वैद्यकीय उरत नाही. त्यात सासू, नणंद, सोयरीक, शेजार असं सगळं येऊन बसतं.

दोन औषधं समोरासमोर ठेवून पाहा. एक सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, रोग मुळापासून बरा करतं, आणि घेत असताना बाईला काळं करतं. दुसरं दुकानात कुणालाही मिळतं, थोडे दिवस चेहरा उजळवतं, आणि मागाहून तोच चेहरा बिघडवतं. पहिलं बायका अर्ध्यावर सोडतात, दुसरं वर्षानुवर्षं लावतात. याला बायकांचं अज्ञान म्हणणं फार सोपं आहे. आम्हाला ते मान्य नाही. रंगावर जिचं लग्न अडतं, तिने रंगाला घाबरू नये असं सांगणारे आपण कोण?

आधी गोळीचं बोलू. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि आपला भंडारा हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' म्हणून डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचं देशातून दूरीकरण झालं असं जाहीर झालं. त्याचा अर्थ इतकाच होता की दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. लोकांनी मात्र रोग संपला असा अर्थ काढला. घरोघरच्या शोधमोहिमेत आशाताईंना आजही नवे रुग्ण सापडतात आणि त्यांत बायका असतात. मांडीवरचा, कमरेवरचा, पाठीवरचा चट्टा बाई कुणाला दाखवत नाही. तिला स्वतःलाही तो नीट दिसत नाही. म्हणून तिचं निदान उशिरा होतं.

या रोगावर पक्का इलाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला, म्हणजे एका जंतूवर एकाच वेळी अनेक औषधांचा मारा. आपल्या विदर्भातल्या वर्धा जिल्ह्यात तो देशात अगदी सुरुवातीला राबवला गेला. औषधं तीन: रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. महिन्याचं पाकीट मिळतं. जास्त जंतू असलेल्या रुग्णाला बारा पाकिटं, कमी जंतू असलेल्याला सहा. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. ताटवाटी वेगळी करणं, बाईला पडवीत झोपवणं, लेकरू तिच्यापासून काढून घेणं, यातलं काहीही करायची गरज नाही.

यातल्या क्लोफाझिमिनच्या तपकिरी कॅप्सूलने कातडी काळवंडते. तो मुळात एक रंगच आहे. १९५० च्या दशकात आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संशोधकांनी तो क्षयावरचं औषध शोधताना तयार केला, आणि पुढे कुष्ठरोगावर त्याचा खरा उपयोग झाला. तो शरीरातल्या चरबीत आणि कातडीत साठत जातो. दोन-तीन महिन्यांत कातडी आधी लालसर, मग तपकिरी-काळपट दिसू लागते. ऊन लागतं तिथे जास्त. कातडी कोरडी पडते, पायांवर खवले धरल्यासारखी दिसते. घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणी यांनाही लालसर झाक येऊ शकते. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे जे चट्टे आधी फिकट होते, लुगड्याखाली झाकले जात होते, नेमके तेच जास्त काळे पडून उठून दिसतात. गावाला जे ठाऊक नव्हतं ते औषध सुरू केल्यावर ठाऊक होतं.

आता बाईच्या जागी उभं राहून बघा. चट्टा दुखत नव्हता, खाजत नव्हता, नुसता बधिर होता. औषध सुरू केलं आणि सगळे विचारायला लागले, काय गं, एवढी काळी कशाने झालीस? तिला वाटतं औषधाने रोग वाढला. चौथ्या पाकिटानंतर ती दवाखान्यात जात नाही. मग आतल्या आत नसा खराब होतात, बोटं वाकडी होतात, पाऊल लोंबतं, डोळ्याची पापणी मिटत नाही. विडीच्या पानाला कात्री लावणाऱ्या आणि धान कापणाऱ्या बाईची बोटं गेली म्हणजे तिची भाकर गेली.

तिला पहिल्या दिवशी काय सांगायला हवं होतं? की बाई, तू काळी होशील. रोग वाढला म्हणून नाही, औषध अंगात भिनलं म्हणून. उपचार संपल्यावर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात किंवा थोड्या जास्त काळात, हा रंग उतरत जाईल. तोवर अंग पाण्याने ओलं करून त्यावर तेल लाव, शेतात पूर्ण बाह्यांचं पोलकं घाल, डोकं झाक. महिन्याचा मोठा डोस घेशील त्या दिवशी लघवी लाल होईल, ते रक्त नाही. दिवस गेले तरी हे औषध सोडायचं नाही. बाळाच्या कातडीवर किंचित रंग येऊ शकतो, तोही जातो. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कुणाच्या कामात धरलेली नाहीत. कोर्स पूर्ण करून घेतल्याबद्दल आशाताईला मोबदला मिळतो, पण रंगाबद्दल बाईशी आणि तिच्या सासूशी कसं बोलायचं, हे तिला शिकवलं जात नाही.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. पूर्वी कमी जंतूंच्या रुग्णाला दोनच औषधं मिळत, क्लोफाझिमिन त्यांत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सगळ्याच रुग्णांना तिन्ही औषधं द्यावीत असं सुचवलं आणि एप्रिल २०२५ पासून आपल्या देशाने ते स्वीकारलं. औषध म्हणून बदल चांगला आहे, आमची त्याला हरकत नाही. पण याचा अर्थ असा की जिच्या अंगावर एक-दोनच चट्टे आहेत, ती लग्नाची मुलगीसुद्धा आता सहा महिने ही कॅप्सूल घेणार. न सांगता दिली तर सोडणाऱ्यांची संख्या वाढेल, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात फारशी कुणी सांगत नाही. रंगामुळे एखाद्या रुग्णाला क्लोफाझिमिन अजिबात नको असेल तर तिच्याऐवजी दुसरं औषध देण्याची सोय जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. ते औषध डॉक्टरांनीच ठरवायचं; त्यांचेही तोटे आहेत, त्यातलं मिनोसायक्लिन तर स्वतःच कातडीवर निळसर झाक आणू शकतं आणि गरोदरपणात चालत नाही. पण 'घ्यायचं तर घे, नाहीतर जा' हे एकच उत्तर नसतं. विचारायचा हक्क आहे.

कायद्याचंही सांगून ठेवू. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाह कायद्यांत २०१९ पर्यंत होती. त्या वर्षी व्यक्तिगत कायदे दुरुस्ती करून ती हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह अशा सगळ्या कायद्यांतून काढली. कुष्ठरोग झाला म्हणून सोडचिठ्ठी घेऊ, असं कुणी धमकावत असेल तर तो खोटं बोलतो आहे, हे त्याला तोंडावर सांगा.

आता ट्यूबकडे वळू. खाज, गजकर्ण, चेहऱ्यावरचे वांग, मुरूम, काळेपणा या सगळ्यावर एकच ट्यूब आपल्याकडे खपते. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं: बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावं. सोबत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध असं सगळं एकत्र कोंबलेलं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, कातडी फिकट दिसते. बाईला वाटतं गुण आला. खरं तर स्टिरॉइडने फक्त शरीराची प्रतिक्रिया दाबलेली असते. गजकर्ण खाली पसरत राहतं आणि ट्यूब थांबली की दुपटीने उसळतं. गजकर्णाची जी चिवट, औषधाला दाद न देणारी जात आज देशभर पसरली आहे, ती फोफावण्यामागे या ट्यूबांचा सर्रास वापर हे एक कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ वारंवार सांगतात.

चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम उठतात, नको तिथे केस येतात, चुलीपुढे किंवा उन्हात गेलं की आग आग होते. सोडावी तर चेहरा लाल होऊन सुजतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. दारूसारखंच ते. देशातल्या बारा केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारींसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं, आणि दहातल्या नऊ जणांना त्याचा त्रास झालेला होता.

आपल्या भागात याला एक जास्तीचा धोका आहे. कुष्ठरोगाचा चट्टा आणि गजकर्ण यांतला फरक मेडिकलच्या काउंटरवरून कळत नाही. चट्ट्यावर स्टिरॉइड चोळत राहिलं की त्याचं रूप बदलतं, लाली दबते, निदान मागे पडतं. तेवढ्यात नस जाऊ शकते. प्रत्येक पांढरा डाग कुष्ठरोग नसतो. शिबं असतात, कोड असतं. पण ज्या डागावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, जिथे घाम येत नाही, केस झडलेत, तो डाग उपकेंद्रात दाखवायचाच.

गंमत अशी की स्टिरॉइड हे स्वतः वाईट औषध नाही. कुष्ठरोगाच्या उपचारात कधी कधी चट्टे अचानक सुजतात, नसा दुखतात, हातातली ताकद जाते. त्या वेळी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीच हात वाचतो. त्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो, मुरूम येतात. तरी त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. एकच औषध डॉक्टरांच्या हातात बोटं वाचवतं आणि काउंटरवरून आलं की चेहरा घालवतं. महिनोन्महिने ट्यूब लावणाऱ्या बाईनेही हे वाचून ती उद्याच फेकू नये. कातडीच्या डॉक्टरांना दाखवून सोडावी.

चिठ्ठीशिवाय अशा ट्यूब विकायला कायद्याने परवानगी नाही. मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली गेली, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी हवी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने ३२८ अवास्तव मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत स्टिरॉइड आणि बुरशीच्या औषधाची काही मलमंही होती. नियम झाला, दुकानात काय बदललं ते तुम्ही बघताच आहात. आणि चिठ्ठी देणारा झोलाछाप असेल तर चिठ्ठीचाही काय उपयोग?

गोरेपणाच्या क्रीमबद्दल थोडकंच. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमच्या नावातला गोरेपणा २०२० मध्ये काढून तिथे चमक आणली. जाहिरातीतली मुलगी अजून उजळतेच आहे. त्याहून भयंकर आहेत त्या पत्ता नसलेल्या, ब्यूटी पार्लरमधून किंवा ओळखीतून मिळणाऱ्या डब्या. काहींत पारा असतो. पाऱ्याने रंग उतरतो खरा, पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाने २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे बावीस रुग्ण नोंदवले. त्यांतल्या पंधरा जणांत आजाराचा एकच दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्या पंधरातले तेरा जण गोरं होण्याची क्रीम वापरत होते. आपल्या विदर्भातही, अकोल्यात, एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक नाही ती घरात आणू नका.

रंगाची ही भीती चांगल्या औषधांनाही नडते. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात आणि घरातली मोठी बाई म्हणते, खाऊ नको, बाळ काळं होईल. लोहाने शौच काळी होते. बाळाचा रंग आईबापावरून येतो, गोळीवरून नाही. पण त्या एका समजुतीपायी किती गोळ्या उकिरड्यावर जातात आणि किती बाया अंगात रक्त नसताना बाळंत होतात! सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात. आपल्या जिल्ह्यात या आजाराची घरं पुष्कळ आहेत. त्या औषधाने नखांवर काळ्या रेघा येतात, कातडी थोडी काळवंडू शकते. त्याला भिऊन सोडू नये. पायाला जखम होऊन भरत नसेल किंवा मूल हवं असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि एक नाजूक गोष्ट. काहींना एखादी गोळी, सल्फाची, मेट्रोनिडॅझोल, एखादी वेदनाशामक, घेतली की दर वेळी नेमक्या त्याच जागी जांभळट काळा डाग उठतो. ओठावर उठतो, कधी योनीच्या जागी उठतो. नवरा संशय घेतो, बाई मुकाट्याने मार खाते. तो औषधाचा डाग आहे. कोणत्या गोळीनंतर उठला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितलं की ती गोळी टाळता येते.

रंग बदलणं वेगळं आणि धोका वेगळा. नवीन औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगभर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात-डोळ्यांत-योनीत फोड, कातडी सुटणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. डॅप्सोनने क्वचित असं होतं, फिट्सच्या काही गोळ्यांनी होतं, सल्फाने होतं. अशा वेळी गावठी लेप लावत बसू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. उरलेल्या गोळ्या पाकिटासकट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नाव शोधत बसावं लागणार नाही.

औषधाची माहिती मागणं हे आपल्या चळवळीला नवं नाही. १९८० च्या दशकात गरोदरपण तपासायला दिल्या जाणाऱ्या जास्त डोसच्या संप्रेरक गोळ्यांविरुद्ध देशभरच्या बायका उभ्या राहिल्या होत्या, तेव्हाही मागणी हीच होती: आमच्या अंगात काय घालता ते आम्हाला आमच्या भाषेत सांगा. आज ट्यूबवरची अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजी. कुष्ठरोगाच्या पाकिटासोबत मराठीत, चित्रांसह एक कागद हवा, त्यावर रंग बदलण्याचं आणि तो परत जाण्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. पहिल्या पाकिटाच्या वेळी बाईची इच्छा असेल तर घरच्यांना बोलावून समजवायला हवं; तिची इच्छा नसेल तर तिचं गुपित राखायला हवं. या मागणीचं निवेदन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना देणार आहोत.

औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवता येतो. २०१० पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा त्याचा फुकट फोन. रुग्णाने स्वतः केला तरी चालतो.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली, शेजारची रिकामी ट्यूब घेऊन या. चपटी झालेली, टोपण हरवलेली, कशीही चालेल. आपण सगळ्या मिळून तिच्यावरची नावं वाचू, कोणती कुठल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आली ते वहीत लिहू, आणि ती वही अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नेऊन देऊ. मोहाडी, तुमसर, लाखांदूर, पवनी, साकोली, लाखनी, भंडारा, सातही तालुक्यांच्या ट्यूबा हव्यात.